उत्पादक कंपनीच्या अध्यक्षाने अंगी बाणवायच्या सवयी



पेरणी, खते, कीड-रोग या विषयांवर आपण नेहमी वाचता. माल घरात आल्यानंतरच्या कामांबद्दल मात्र त्या मानाने कमी लिहिले जाते. त्यातही माणसे सांभाळणे, हिशेब राखणे आणि वेळेवर निर्णय घेणे ही कामे जणू उपजत येतात असे आपण धरून चालतो. ती उपजत येत नाहीत. सरी पाडायला शिकावे लागते तशीच ही कामेही शिकावी लागतात.

डॉ. योगिंदर अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि किमान १० उत्पादकांना एकत्र येऊन स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. पुढे २०२० साली केंद्र शासनाने देशात १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करण्याची योजना हाती घेतली. या योजनेत सपाट प्रदेशातील संस्थेला किमान ३०० सभासदांची अट घालण्यात आली. कालपर्यंत स्वतःची पाच-सहा एकर शेती पाहणारा शेतकरी त्यामुळे आज शेकडो कुटुंबांच्या मालाचा व पैशाचा कारभार पाहू लागला आहे. स्वतःच्या शेतात अंदाज चुकला तर झळ आपल्या घरापुरती असते. कंपनीत ती गावभर पसरते, आणि एकदा विस्कटलेले सभासद पुन्हा गोळा करणे फार कठीण जाते. म्हणून अध्यक्ष आणि संचालकांच्या रोजच्या वागण्याचा विचार येथे केला आहे. ज्यांची स्वतःची दालमिल, रोपवाटिका किंवा गुऱ्हाळ आहे त्यांनाही यातील बराचसा भाग लागू पडेल.

काट्याजवळ उभे राहण्याची सवय

अध्यक्षाची खरी जागा कार्यालयातल्या खुर्चीत नसून आवक चालू असताना काट्याजवळ आहे. तेथे रोज दिवसभर थांबावे असे नाही. हंगामात सकाळी एक तास आणि माल बंद होताना अर्धा तास पुरेसा आहे. वजनपावतीवर तूट किती धरली, काडीकचरा किती निघाला, ओलावा किती आला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

ओलाव्याचेच उदाहरण घेऊ. समजा, कंपनीने १०० क्विंटल सोयाबीन १४ टक्के ओलाव्याचे घेतले आणि विकण्यापूर्वी ते १० टक्क्यांपर्यंत वाळवले. ओलावा ४ टक्के कमी झाला म्हणून घट ४ क्विंटल, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात १०० क्विंटलमध्ये कोरडा माल ८६ क्विंटल होता. तो ९० टक्के धरला जाईल असे वजन येते ९५.५६ क्विंटल. म्हणजे घट ४.४४ क्विंटल झाली. हिशेबाची रीत सोपी आहे. सुरुवातीच्या ओलाव्यातून अखेरचा ओलावा वजा करावा, त्याला १०० वजा अखेरचा ओलावा या आकड्याने भागावे आणि १०० ने गुणावे.

आता उदाहरणादाखल खरेदीचा भाव क्विंटलला ४,५०० रुपये धरा. घट झाली १९,९८० रुपयांची. क्विंटलमागे १०० रुपये सुटतील या हिशेबाने कंपनीने खरेदी केली असेल, तर १०० क्विंटलवर मिळायचे होते १०,००० रुपये. म्हणजे सारा नफा जाऊन वर जवळजवळ १०,००० रुपये खिशातून गेले. वाळवण्याची मजुरी आणि हमाली त्यात धरलेलीच नाही.

हा हिशेब प्रत्येक संचालकाला कळतो. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. ट्रॅक्टर येतो तो चुलत्याचा, व्याह्याचा किंवा ज्याने निवडणुकीत मदत केली त्याचा. काट्यावरचा मुलगा अध्यक्षाकडे पाहतो. अध्यक्ष म्हणतात, "असू द्या, आपलेच आहेत." त्या एका वाक्यानंतर ओलावामापक असून नसल्यासारखा होतो, कारण मागे रांगेत उभे असलेले दहाजण ते वाक्य ऐकतात. ओल्या मालाला कायमचा नकारच द्यावा असे नाही. ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे वजनात तूट धरून तो घेता येतो किंवा सभासदाला वाळवून आणायला सांगता येते. मात्र ते कोष्टक हंगामापूर्वी सभेत मंजूर करून काट्याजवळ मोठ्या अक्षरांत लावलेले असावे आणि अध्यक्षाच्या घरच्या मालालाही तेच लागावे. किंबहुना पहिल्या दिवशी अध्यक्षाने स्वतःचा माल आणून सर्वांसमक्ष ओलावा पाहून घ्यावा. शंभर भाषणांनी होणार नाही ते यातून होते.

शब्द दिलेल्या तारखेला पैसे

सभासद कंपनीकडे का येतो? क्विंटलला पन्नास रुपये जास्त मिळतात म्हणून येतो हे खरे, पण टिकतो तो पैसे वेळेवर मिळतात म्हणून. गावातला व्यापारी भाव थोडा कमी देईल, पण नड असेल तेव्हा रोख देतो. कंपनीने "चार दिवसांत देतो" म्हणून पंधरा दिवस लावले, तर पुढच्या खेपेला तो माल व्यापाऱ्याकडेच जाईल आणि त्याबद्दल सभासदाला दोष देता येणार नाही.

यासाठी अध्यक्षाने दर सोमवारी व्यवस्थापकाकडून एकाच कागदावर तीन आकडे मागावेत: बँकेत शिल्लक किती, सभासदांचे देणे किती व कोणत्या तारखेचे, आणि खरेदीदारांकडून येणे किती. हे तीन आकडे पाहिल्याशिवाय नवीन खरेदीला हो म्हणू नये. पैसे उशिरा येणार असे दिसताच आधी कळवावे. ठरलेली तारीख उलटून गेल्यावर दिलेले कारण कोणी ऐकून घेत नाही. मालाच्या किमतीचा काही भाग राखून ठेवून नंतर देण्याची सोय कायद्यात आहे. ती वापरायची असेल तर खरेदीच्या वेळीच सभासदाला स्पष्ट सांगावे आणि पावतीवर लिहावे.

व्यवस्थापकाला काम करू द्यावे

उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो आणि तो सभासदांपैकी नसावा असे कायदा सांगतो. या तरतुदीमागे शहाणपण आहे. धोरण संचालकांनी ठरवायचे आणि रोजचे काम पगारी माणसाने पाहायचे, अशी ही वाटणी आहे.

गुजरातमधील खेडा जिल्हा दूध संघ, म्हणजे आजचा अमूल, १९४६ साली स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल होते. १९४९ साली आणंदला आलेल्या वर्गीस कुरियन या तरुण अभियंत्याच्या हाती पुढे दुग्धालयाचा कारभार सोपवला गेला. त्रिभुवनदासांनी गावोगावच्या उत्पादकांचा विश्वास सांभाळला आणि तांत्रिक व व्यापारी बाजू कुरियन यांनी पाहिली. दोघांनी एकमेकांच्या कामात लुडबुड केली नाही हे त्या संस्थेच्या वाढीचे मोठे कारण आहे, असे माझे मत आहे. आपल्याकडे नेमके उलट घडताना दिसते. कृषी पदवीधर मुलगा व्यवस्थापक म्हणून नेमायचा आणि बारदान्याच्या खरेदीपासून गाडीभाड्यापर्यंत प्रत्येक बाब पाच संचालकांनी फोनवरून त्याला पाच प्रकारे सांगायची! असा मुलगा वर्षभरात नोकरी सोडतो. म्हणून किती रकमेपर्यंतचा खर्च त्याने न विचारता करावा हे ठरावाने निश्चित करावे. त्याला सूचना द्यायच्या त्या फक्त अध्यक्षाने द्याव्यात. चूक झाली तर चारचौघांत न बोलता आत बोलावून सांगावे.

सभा आणि नोंदी

संचालक मंडळाची सभा दर तीन महिन्यांतून किमान एकदा घेणे बंधनकारक आहे. हंगामात महिन्याला एक घ्यावी. विषय आधी कळवावेत आणि इतिवृत्त त्याच दिवशी लिहावे. ज्या संचालकाचा माल, गाडी किंवा गोदाम याबद्दलचा विषय असेल त्याने त्या वेळी बाहेर बसावे. सभेत जो गप्प बसतो त्याला नाव घेऊन विचारावे, कारण बाहेर पारावर तोच सर्वांत जास्त बोलतो.

नोंदींचा कंटाळा मात्र महागात पडतो. २०१० साली युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि अनेक कंटेनर अडकून पडले. अशा वेळी कोणत्या बागेत काय, केव्हा व किती फवारले याची वही असलेल्याला आपली बाजू मांडता येते आणि सदोष माल वेगळा काढता येतो. वही नसेल तर एका बागेपायी सर्वांचा माल संशयात सापडतो. म्हणून अध्यक्षाने महिन्यातून एकदा कोणत्याही पाच सभासदांच्या फवारणी-वह्या मागवून स्वतः पाहाव्यात. कोणाच्या मागवणार हे आधी सांगू नये.

खुर्ची आणि माणूस

प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून शेतकरी जमवले. पण कारखान्याचे पहिले अध्यक्षपद अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे देण्यात आले. १९५०-५१ च्या हंगामात कारखाना सुरू झाला. ज्याने श्रम केले त्यानेच खुर्चीत बसावे असा आग्रह तेथे धरला गेला नाही. आपल्या कंपनीतही हिशेब चांगला जाणणारी एखादी महिला सभासद किंवा बाजाराची ओढ असलेला तरुण असेल, तर त्यांना आतापासून बरोबर घेऊन खरेदीदाराकडे आणि बँकेत न्यावे. अध्यक्ष आजारी पडले म्हणून आठ दिवस धनादेशावर सही होऊ नये, ही स्थिती बरी नव्हे.

सोयाबीनची आवक सुरू होण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, ओलावामापक तपासून घ्यावा, वजनकाट्याची मुद्रांकन मुदत पाहावी आणि तुटीचे कोष्टक मंजूर करून काट्याजवळ लावावे. कोष्टकाची एक प्रत गावच्या दूध संकलन केंद्रावरही लावावी. सकाळ-संध्याकाळ सर्वजण तेथे येतातच.