परक्या शाळेतील दानीएल

(प्रौढ वर्ग व शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी)

शास्त्रपाठ : दानीएल १:१-२१, दानीएल ६:१०, लेवीय १९:३३-३४

दानीएलाचा पहिला अध्याय आपण बहुधा आहाराचा धडा म्हणून शिकवतो. शाकान्न खाऊन तजेलदार राहिलेले चार तरुण मुलांच्या लक्षात राहतात आणि तास संपतो. पण नीट वाचले तर हा अध्याय एका निवासी शाळेची हकीकत आहे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, खास्द्यांची भाषा व विद्या, राजाच्या मुदपाकातून येणारे जेवण, वर अश्पनज हा मुख्य अधिकारी आणि त्याच्या हाताखाली एक कारभारी. विद्यार्थी कोवळ्या वयाचे, दूर देशाचे. त्यांचे शहर पडलेले. आणि शाळेने सर्वांत आधी काय केले, तर त्यांची नावे बदलली.

हा अध्याय शिकवताना अमेरिकेतील निवासी शाळांत शिकायला गेलेल्या अफगाण मुलामुलींची गोष्ट जवळ ठेवावी. ही मुले बंदिवान म्हणून गेली नाहीत, आशेने गेली. हा फरक वर्गाला सांगितलाच पाहिजे. तरीही साम्य पुष्कळ आहे.

२००१ मध्ये काबूलमधील तालिबानची पहिली राजवट संपली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने, ज्या देशांत मुस्लिम लोकसंख्या मोठी आहे तेथील शाळकरी मुलांना एक वर्ष अमेरिकन कुटुंबात ठेवून शिकवण्याची योजना काढली. या योजनेतून गेलेल्या मुलींपैकी एक शबाना बसीज-रसिख. तालिबानच्या काळात ती मुलाचा वेश करून चोरून भरणाऱ्या शाळेत जात असे. पुढे २००८ मध्ये ‘सोला’ या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. अफगाण मुलामुलींना परदेशातील चांगल्या शाळांत शिष्यवृत्ती मिळवून देण्याचे काम या संस्थेने आरंभी केले. अमेरिकेतील अनेक निवासी शाळांचे वर्षाचे शुल्क ६० हजार डॉलरांच्या वर जाते, तेव्हा शिष्यवृत्तीवाचून काबूलच्या घरातील मूल तेथे पोहोचणे शक्यच नव्हते.

पोहोचल्यावर पहिली अडचण नावाचीच. अनेक अफगाणांना एकच नाव असते, आडनाव नसते. अमेरिकन कागदाला मात्र दोन रकाने भरलेले लागतात. म्हणून असलेले नाव आडनावाच्या रकान्यात जाते आणि पहिल्या रकान्यात ‘पहिले नाव अज्ञात’ या अर्थाची ‘एफ.एन.यू.’ ही तीन अक्षरे पडतात. मग हजेरीपटावर तेच नाव ठरते आणि नवा शिक्षक मुलाला ‘फ्नू’ म्हणून हाक मारतो! जन्मतारखेची नोंद घरी नसली तर कागदावर १ जानेवारी लागते. कोणी दुष्टाव्याने केलेले नव्हे. पण बेल्टशस्सर म्हणून पहिल्यांदा हाक ऐकताना दानीएलाला काय वाटले असेल, याची थोडी कल्पना येते.

दुसरी अडचण जेवणाची. डुकराचे मांस टाळणे सोपे, पण जिलेटिन कशात आहे हे मुलाला कोण सांगणार? रमजानात पहाटे सेहरीच्या वेळी भोजनगृहाला कुलूप असते. शिवाय आपल्यासारखीच अफगाणांची रीत आहे, की कोणी वाढू लागले तर आधी ‘नको, नको’ म्हणायचे आणि दोन-तीनदा आग्रह झाल्यावरच ताट पुढे करायचे. अमेरिकन माणूस पहिल्या ‘नको’लाच खरे मानतो व भांडे पुढे सरकवतो. पाहुणा सभ्यपणे उपाशी राहतो आणि यजमानाला वाटते, याला आमचे अन्न आवडत नाही. आपल्या घरच्या पंगतीवरून हा मुद्दा मुलांना लगेच समजेल.

तिसरी अडचण वर्गातली. पाठांतरावर वाढलेल्या, उस्तादांसमोर नजर खाली ठेवण्याची सवय असलेल्या मुलीला एकाएकी लंबगोल टेबलाभोवती बसून शिक्षकाशी वाद घालायला सांगतात. एक्झेटर येथील शाळेने ही पद्धत १९३० च्या सुमारास सुरू केली आणि ती पुष्कळ ठिकाणी पसरली. तेथे गप्प बसणे हा आदर नव्हे, अभ्यास न केल्याचे लक्षण ठरते. पद्धत चांगली आहे, पण तिची किल्ली कोणी तरी हातात द्यावी लागते.

आणि प्रार्थना. काबूलमध्ये नमाजाचे तोंड साधारण पश्चिमेकडे असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ते ईशान्येकडे करावे लागते. दानीएलाने यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीशी दिवसातून तीनदा गुडघे टेकले, तो सहाव्या अध्यायातील भाग येथे वाचावा. घराकडे तोंड करण्याची ओढ कोणत्या धर्माच्या मुलाला नसते?

आता त्या कारभाऱ्याकडे वळू या. धड्यातला हा माणूस आपण नेहमी वगळतो. अश्पनजाला दानीएलाविषयी दया वाटली, पण राजाची भीती आड आली. आपले मस्तक जाईल, असे तो बोलून गेला. मग दानीएलाने कारभाऱ्याला दहा दिवसांची परीक्षा मागितली आणि त्याने ती मान्य केली. त्याचे नावही प्रसिद्ध नाही. त्याने बाबेलचा कायदा मोडला नाही, शाळा बंद पाडली नाही. फक्त आपल्या हातातल्या स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या विवेकाला जागा दिली. अमेरिकन वसतिगृहात रात्रीच अंडी, पाव व फळे शीतकपाटात ठेवून किल्ली मुलाला देणारा वसतिगृहप्रमुख त्याच जातीचा. तसाच नाताळात वसतिगृह बंद होते तेव्हा ज्याला जायला घर नाही अशा मुलाला आपल्या घरी नेणारा शेजारीही.

ही जागा दिली नाही तर काय होते, तेही अमेरिकेच्याच इतिहासात आहे. डी. एल. मूडी यांनी नॉर्थफील्ड येथे गरीब घरच्या मुलींसाठी शाळा काढली ती १८७९ मध्ये. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे जुन्या लष्करी बराकीत मूळ अमेरिकन जमातींच्या मुलांसाठी निवासी शाळा उघडली. तेथे मुलांचे केस कापले, त्यांची भाषा बंद केली. फळ्यावर इंग्रजी नावे लिहून त्यांतले एक निवडायला लावले. ल्यूथर स्टँडिंग बेअर यांना ‘ल्यूथर’ हे नाव असेच मिळाले. अनेक मुले तेथेच वारली, त्यांच्या कबरी आजही आहेत. शाळा १९१८ मध्ये बंद झाली. अशा सर्व शाळांबद्दल अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर क्षमा मागितली. या शाळांना पाठिंबा देणाऱ्यांत रविवारी न चुकता उपासनेला जाणारे पुष्कळ सज्जन होते. मुलांचे भले करतो आहोत अशीच त्यांची खात्री होती.

आपल्या रमाबाईंचे उदाहरणही घ्यावे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या आश्रयाला असताना पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ताला त्यांनी मनापासून स्वीकारले, पण शाकाहार सोडला नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असाही त्यांनी प्रश्न केला. यजमान भगिनींना हे नेहमी रुचले असे नाही.

येथे वर्गात एक प्रश्न निघेल, आणि निघावा : अशा मुलांना सुवार्ता सांगायची की नाही? त्याने विचारले तर सौम्यपणे व खरे उत्तर द्यावे. पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय तेच शिकवतो. पण ज्याचा बिछाना, जेवण आणि शुल्क आपल्या हाती आहे असे पंधरा वर्षांचे मूल ‘नाही’ म्हणायला मोकळे नसते. उपकाराच्या ओझ्याखाली मिळालेल्या होकाराला मी तरी साक्षीचे फळ म्हणणार नाही. दुष्काळात पोटासाठी बाटले, हा टोमणा आपल्या आजोबा-पणजोबांनी खरी श्रद्धा असूनही जन्मभर ऐकला, म्हणून हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट : चॅपलमध्ये बसलेल्या अफगाण मुलीचे छायाचित्र कौतुकाने छापले, तर त्याची किंमत तिच्या गावाकडील आईबापांना मोजावी लागेल. तेथे धर्म सोडणाऱ्याला मरणाची शिक्षा होऊ शकते.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेले. शबाना बसीज-रसिख यांनी आपल्या विद्यार्थिनींच्या नोंदी जाळल्या, म्हणजे त्या कोणाच्या हाती पडू नयेत, आणि शाळा रवांडात नेली. मुलींचे माध्यमिक शिक्षण बंद झाले; डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांचे दारही लागले. अमेरिकेत आधीच असलेल्या मुलांना सुट्टीत परतायला घर उरले नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेने अफगाण नागरिकांच्या प्रवेशावर बंदी घातली; त्यामुळे आईबापांनी भेटीला येण्याची वाटही अडली. काबूलचे घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे आणि न्यूयॉर्कपेक्षा हिवाळ्यात साडेनऊ तास पुढे. रात्रीचा अभ्यास संपवून मूल फोन लावते तेव्हा आईची सकाळ असते. काय बोलायचे आणि काय लपवायचे, हे दोघांनाही ठरवावे लागते.

हे सर्व फार दूरचे आहे असे कोणी म्हणू नये. पुणे, हैदराबाद, वडोदरा येथे कित्येक अफगाण तरुण शिकत होते. २०२१ च्या ऑगस्टात आपल्या सरकारने अफगाणांचे पूर्वीचे व्हिसा रद्द केले, तेव्हा सुट्टीत घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. त्यांच्या खोल्यांतील पुस्तके इकडेच राहिली. या शहरांत आपल्या मंडळ्या आहेत. त्या मुलांपैकी एकाला तरी आपण नावाने ओळखत होतो का, हे प्रत्येक मंडळीने आपल्याशी विचारावे.

प्रौढ वर्गात लेवीय १९ मधील आज्ञा वाचून मग कारभाऱ्यावर चर्चा घ्यावी : त्याने नकार दिला असता तर दानीएलाने काय केले असते? शास्त्रात उत्तर दिलेले नाही, म्हणून घाईने समारोप करू नका. लहान वर्गाकडून हनन्या, मीशाएल, अजऱ्या ही नावे पाठ करून घ्या. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो सर्वांना येतातच. ती बाबेलने ठेवलेली नावे आहेत.