गोष्टीतली थंडी कुणाला वाजते?

आठवीच्या एका कॅडेटने मागच्या सत्रात ‘रात्रीचा पहारा’ या विषयावर गोष्ट लिहून आणली. सुरुवात अशी होती: ‘सगळीकडे बर्फ पडला होता. खूप थंडी होती. जवान एकटाच होता. त्याला फार एकटे वाटत होते.’ मुलगा अकलूजकडचा. बर्फ त्याने सिनेमातच पाहिलेला. मी विचारले, ‘थंडी नसती तर जवानाला एकटे वाटले नसते का?’ तो म्हणाला, ‘सर, एकटं दाखवायचं तर बर्फ लागतोच.’

हे उत्तर त्या एकट्याचे नाही. परदेशी कथा-सिनेमांतून ते आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसले आहे. रशियातल्या हिवाळ्यात दाराबाहेर राहिलेला माणूस जिवाला मुकू शकतो. त्यामुळे ‘आत ऊब, बाहेर एकटा माणूस’ हे चित्र तिथल्या लेखकाला आयतेच मिळते. आपल्याकडे थंडी पडली की शेकोटी पेटते, शेतात हुरड्याला माणसे जमतात. थंडी आपल्याला एकत्र आणते! भाषाही तेच सांगते. आपला जीव निवतो, डोळे निवतात, मुलीचे नाव आपण शीतल ठेवतो. दुःखात मात्र आपण पोळतो, होरपळतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) तरुण मास्तर शेवटी एकटा पडतो तो बर्फामुळे नाही. दुष्काळ पडतो, धनगर मेंढरे घेऊन पांगतात, शाळा ओस पडते. माणदेशातल्या एकटेपणाला ऊनच शोभते.

पण माया दाखवायला मराठीतही ‘ऊब’ हाच शब्द आहे. म्हणजे थंडीचे प्रतीक आपल्याला अगदीच परके नाही. ते आपोआप चालत नाही, एवढेच. ते कसे चालवायचे हे पाहण्यासाठी अंतोन चेखवची एक छोटी कथा घेऊ. तिचे रशियन नाव ‘तोस्का’, साल १८८६. ‘तोस्का’ला मराठीत नेमका शब्द नाही, दुःख, हुरहूर आणि उदासी एकत्र केली तर जवळपास पोहोचता येईल.

पीटर्सबर्गमध्ये संध्याकाळी बर्फ पडतो आहे. योना नावाचा म्हातारा गाडीवान आपल्या घोडागाडीवर वाकून बसला आहे. अंगावर बर्फ साचून तो पांढरा झाला आहे, घोडीही पांढरी. त्याचा तरुण मुलगा त्याच आठवड्यात वारला आहे. पहिले गिऱ्हाईक येते ते एक लष्करी अधिकारी. (आपल्या वाचकांनी इथे जरा थांबावे.) योना त्याला मुलाचे सांगतो. अधिकारी कशाने गेला म्हणून विचारतोही, पण गाडी नीट हाकण्याची घाई पुढे येते आणि तो डोळे मिटून घेतो. नंतरच्या तीन तरुणांना तर थट्टाच सुचते.

आता खरी गंमत पाहा. योना रात्री मुक्कामाच्या जागी परततो. तिथे मोठी शेगडी आहे, भोवती माणसे घोरत पडली आहेत. म्हणजे बर्फ संपला, ऊब मिळाली. आपल्या कॅडेटच्या हिशेबाने एकटेपणही संपायला हवे. पाणी प्यायला उठलेल्या एका तरुण गाडीवानाला योना मुलाचे सांगू लागतो, तर तो डोक्यावरून पांघरूण ओढून झोपी जातो. मग योना उठून तबेल्यात जातो आणि घोडीला सगळे सांगतो. ती चारा चघळत ऐकते आणि तिचा श्वास त्याच्या हातांवर येतो. माझ्या मते कथेतली खरी ऊब तेवढीच. ‘योनाला एकटे वाटले’ असे लिहिण्यापेक्षा त्या श्वासाने कितीतरी जास्त काम केले आहे.

शेजारी प्रेमचंदांची ‘पूस की रात’ (१९३०) ठेवा. हिंदीच्या तासाला बऱ्याच जणांनी वाचली असेल. हल्कूने कांबळ्यासाठी साठवलेले तीन रुपये सावकाराला जातात आणि पौषातल्या रात्री त्याला शेत राखावे लागते. थंडी योनापेक्षा त्यालाच जास्त वाजते. तरी तो तसा एकटा नाही, कारण जबरा कुत्रा त्याच्या कुशीत आहे. इथली थंडी एकटेपणाची नाही, गरिबीची आहे. म्हणून वाचताना पारा किती उतरला हे पाहू नका. पांघरूण कुणी ओढून घेतले आणि जवळ कोण आले, ते पाहा.

पालकांसाठी एक जोड. नवीन मुले जून-जुलैत घरी फोनवर सांगतात, ‘इथे फार थंडी आहे.’ बेंगळुरू सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, वारा आणि भुरभुर पाऊस असतो हे खरे. पण किमान तापमान वीस अंशांच्या आसपास असते. सोलापूरहून, सांगलीहून स्वेटर येतो. तो ट्रंकेत तसाच राहतो, आणि पुढच्या रविवारी फोनवर पुन्हा थंडीच असते.

त्या कॅडेटला मी गोष्ट परत लिहायला सांगितली. या वेळी बर्फ नव्हता. पहाऱ्यावरचा जवान थर्मासमधला चहा झाकणात ओततो, समोर धरतो, आणि दुसरा पहारेकरी कालच रजेवर गेल्याचे आठवून स्वतःच पितो. ‘एकटा’ हा शब्द कुठेच नव्हता. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या लाल शाईने दाखवल्या.