शेजारी भाड्याची घरं येतात तेव्हा

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर कमी भाड्याच्या घरांचा प्रकल्प येणार, अशी कुणकुण लागली की कुठल्याही सोसायटीत दोन गोष्टी लगेच होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप निघतो आणि निवेदन लिहायचं कुणी, यावर खल सुरू होतो. आमच्याकडे निवेदन टाईप करायचं काम माझ्याकडे आलं. मी घरून डीटीपीची कामं करते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच सोसायटीत मी दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहते, हेही माहीत होतं, पण त्या दिवशी ते कुणाला आठवलं नसावं. कारण निवेदनातलं तिसरंच वाक्य होतं, ‘भाड्याने राहणाऱ्यांना परिसराविषयी आपलेपणा नसतो.’ मी ऱ्हस्व-दीर्घ तपासून ते टाईप केलं आणि प्रिंट काढून दिली.

हे कुणाला टोमणा मारायला लिहीत नाही. त्या प्रकरणातले बहुतेक कागद माझ्याच कॉम्प्युटरवरून गेले, त्यामुळे काय मागितलं, काय मिळालं आणि काय मागायचंच राहून गेलं, हे मला जवळून पाहता आलं. आज ती इमारत उभी आहे, तिथे माणसं राहतात. तुमच्याकडे अशी नोटीस येईल तेव्हा आमचा अनुभव उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

मुंबईपासून लोकलने तासाभरावरचं आमचं उपनगर. प्लॉटवर विकास आराखड्यात भाजी मंडईचं आरक्षण होतं. मंडई काही आली नाही. तिथे आमच्या गाड्या लागायच्या, नवरात्रात गरबा व्हायचा. मग एक दिवस पेपरात आतल्या पानावर बारीक टायपात जाहीर सूचना आली: नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली आरक्षणात बदल, मंडईऐवजी भाडेतत्त्वावरील घरे, हरकती-सूचनांसाठी एक महिना मुदत.

सभेत बोलले गेलेले सगळेच मुद्दे पोकळ नव्हते. पाणी एक दिवसाआड येत होतं. पावसाळ्यात नाला तुंबला की आमच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला फ्लॅटचा भाव पडेल ही धास्ती वाटली, तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण सभा पुढे सरकली तसं पाणी, नाला मागे पडले आणि ‘कसली कसली माणसं येतील’ हाच विषय उरला. माझ्याशेजारच्या बाईंना मी हळूच विचारलं, आपल्या वॉचमनचं घर कुठे आहे? त्यांना माहीत नव्हतं. तो दोन गाड्या बदलून यायचा.

खरं तर मुंबई भाड्याच्या खोल्यांवरच वाढली. १९२० च्या दशकात त्या वेळच्या सरकारने बीडीडी चाळी बांधल्या, त्यातली खोली १६० चौरस फुटांची. गिरणगावात येऊन स्थिरावलेल्या किती कुटुंबांचा पहिला पत्ता अशाच एखाद्या चाळीतला. पुढे १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. भाड्यासाठी इमारत बांधणं मालकांना परवडेनासं झालं आणि पागडी व ओनरशिपचा जमाना आला. कमी पगाराच्या माणसाला उरली ती झोपडपट्टी. २००८ मध्ये एमएमआरडीएने योजना आणली: बिल्डरला वाढीव एफएसआय आणि त्या बदल्यात भाड्याच्या छोट्या खोल्या, त्याही १६० चौरस फुटांच्याच. नंतर त्या योजनेचा रोख मोठ्या, विकत घ्यायच्या घरांकडे वळला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा केंद्राने पुन्हा भाड्याच्या परवडणाऱ्या वसाहतींची योजना काढली. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांना स्वतंत्र जागा आहे. म्हणजे आज आमच्याकडे आलेली जाहीर सूचना उद्या तुमच्याकडे येऊ शकते.

आता सुनावणीचं सांगते. निवेदनाच्या झेरॉक्स काढून प्रत्येक घरातून सही घेतली होती. जाडजूड गठ्ठा झाला. अधिकाऱ्यांनी वरची दोन-तीन पानं चाळली आणि विचारलं, “मजकूर सगळ्यांचा एकच आहे ना?” हो म्हटल्यावर लेखनिकाला सांगितलं, “एकत्रित घ्या.” नोंद झाली एका ओळीची: ‘स्थानिक रहिवाशांचा प्रस्तावास विरोध.’ घोषणा, बॅनर, नगरसेवकाचं भाषण, सगळं त्या एका ओळीत मावलं.

आमच्याच विंगेतले एक काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी स्वतंत्र हरकत दिली होती, हाताने लिहिलेली, एकाच पानाची. खोल्या ४००, खोलीमागे माणसं ५, म्हणजे वस्ती २,०००. माणशी रोज १३५ लिटर या शहरी निकषाने २ लाख ७० हजार लिटर पाणी लागणार. दहा हजार लिटरचे २७ टँकर झाले, रोजचे. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होणार, म्हणजे २ लाख १६ हजार लिटर. सध्याची जलवाहिनी आणि मलवाहिनी एवढा भार घेईल का? नसेल घेत, तर नवीन कधी टाकणार आणि खर्च कोण करणार? अधिकाऱ्यांनी हा कागद दोनदा वाचला. पाणी खात्याच्या इंजिनिअरला बोलावून घेतलं. पंधरा मिनिटं फक्त त्याच कागदावर बोलणं झालं. शेवटी मंजुरीत अट आली: स्वतंत्र जलवाहिनी आणि मलवाहिनी पूर्ण झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

आज त्या इमारतीत जे धड चालतं ते पाणी आणि ड्रेनेज. आमच्याही नळाला पूर्वीपेक्षा बरा दाब असतो. बाकीचं मात्र कुणी विचारलंच नव्हतं. इमारत पूर्ण झाल्यावर बांधणारी यंत्रणा आणि चालवणारी यंत्रणा यांच्यात ताब्यावरून पत्रव्यवहार सुरू झाला आणि घोंगडं भिजत पडलं. कुलूपबंद इमारतीतले नळ गेले, खिडक्यांचं अ‍ॅल्युमिनियम गेलं. मग एका पावसाळ्यात धोकादायक इमारतीतून बाहेर काढलेल्या कुटुंबांना रातोरात तिथे आणलं. चारपैकी दोन लिफ्ट बंद. भाडं कुठे भरायचं, पावती कोण देणार, याचा पत्ता नाही. घंटागाडी गेटपाशी येते तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बायका कामाला गेलेल्या असतात, म्हणून कचरा नाल्यात. आमचे लोक म्हणतात, “बघा, आम्ही सांगत होतो.” तिथल्या एक ताई मला म्हणाल्या, “मॅडम, लिफ्टची तक्रार करायची तर कुणाकडे, एवढं तरी सांगा.” मलाही सांगता आलं नाही.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं ते झालं. सगळा जोर ‘कोण राहायला येणार’ यावर गेला. घात झाला तो ‘चालवणार कोण’ या प्रश्नाकडे दोन्ही बाजूंनी कानाडोळा केल्यामुळे. विकत घेतलेल्या घरांची सोसायटी होते, तिला सेक्रेटरी असतो, मेंटेनन्स भरला नाही की तगादा लागतो. भाड्याच्या सरकारी इमारतीला यातलं आपोआप काहीच मिळत नाही. ते आधी मागून घ्यावं लागतं. विरोध करणाऱ्यांनी आणि पाठिंबा देणाऱ्यांनीही.

म्हणून, सूचना निघाली की काय करावं ते क्रमाने सांगते.

मुदत आधी पाहा. आरक्षण बदलताना मिळणारा तो एक महिना, तीच तुमची खरी संधी. पुढे बांधकाम परवानगीच्या वेळी शेजाऱ्यांकडून अशा हरकती मागवत नाहीत. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणजे उत्तर हातात पडेपर्यंत मुदत उलटलेली असते. अर्ज टाकाच, पण त्याच आठवड्यात स्वतः नगररचना विभागात जाऊन नकाशा आणि प्रस्ताव बघून या.

झेरॉक्सचे गठ्ठे नकोत. दहा घरांनी दहा विषय वाटून घ्या: पाणी, सांडपाणी, नाला, रस्त्याची रुंदी, शाळा, दवाखाना. प्रत्येकाने आपल्या शब्दांत एक पान लिहावं आणि शक्य तिथे आकडा द्यावा. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

इमारतींमधलं अंतर विचारा. गोवंडी-मानखुर्द भागातल्या काही पुनर्वसन वसाहतींमध्ये इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. अशा घरांचा क्षयरोगाशी संबंध असल्याचं तिथल्या अभ्यासातून पुढे आलं आहे. माहुलच्या प्रदूषणात प्रकल्पग्रस्तांना राहायची सक्ती करता येणार नाही, असं उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावं लागलं. असे प्रश्न विचारल्याने प्रकल्प अडत नाही, सुधारतो. येणाऱ्या माणसांचंही त्यात भलं आहे.

चालवणार कोण, ते लेखी घ्या. मालकी कुणाची, रोजचं व्यवस्थापन कुणाचं, भाडं गोळा कोण करणार, दुरुस्तीचा निधी कुठून येणार? लिफ्टचा वार्षिक देखभालीचा करार कोण करणार? आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला कायद्याने दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, तो कोण देणार? कचरा रोज कोण उचलणार? यातली प्रत्येक गोष्ट मंजुरीच्या अटींमध्ये येऊ शकते. आमच्याकडे फक्त काकांची आली, कारण तेवढीच लेखी मागितली गेली.

माणसांबद्दल लिहू नका. देशात कुठेही राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ नेच दिला आहे. जात, धर्म, प्रांत किंवा ‘त्या वस्तीतले लोक’ असा शब्द एकदा कागदावर आला की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचंही वजन जातं. तोच कागद पुढे कोर्टात तुमच्या विरुद्ध वाचून दाखवला जाऊ शकतो. वाटपाचे निकष काय, ते मात्र जरूर विचारा. जवळपास काम करणाऱ्यांना काही घरं राखून ठेवा, अशी सूचनाही करता येते. सूचनेत ‘हरकती’च्या पुढे ‘सूचना’ हा शब्द असतो, तो आमच्याकडे कुणी वापरलाच नाही.

प्रकल्पाला पाठिंबा देणाऱ्यांनाही दोन शब्द. समोरच्यांना निर्दयी म्हणून काही साधत नाही. ज्याच्या घरी एक दिवसाआड पाणी येतं त्याची काळजी खरी असते. आणि ज्यांच्यासाठी घरं आहेत त्यांना सुनावणीला आणा. आमच्याकडे त्यांच्यातलं एकही माणूस नव्हतं. मंगळवारी सकाळी अकराची वेळ. धुणीभांडी करणाऱ्या मावशी, वॉचमन, नर्सिंग होममधल्या आया, यांतला कोण खाडा करून येणार? त्यांच्याकडून आधी लेखी सूचना घ्या आणि त्यांच्या नावाने दाखल करा.

आपल्याच जिन्यातल्या भाडेकरूंना विचारा. आमच्या सोसायटीत बरेच फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. सभासद नाही म्हणून सभेत आम्हाला मत नसतं, हे नियमाला धरून आहे. पण भाड्याचं घर चालतं कसं, हे आम्हालाच ठाऊक असतं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची, असं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं. सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर लावता येत नाहीत, असा सरकारचा २००१ चा आदेश आहे. मी नळ गळला की कुणाला फोन करायचा हे मला माहीत आहे, म्हणून माझ्याकडून सोसायटीला त्रास नाही. समोरच्या इमारतीतल्या ताईंना ते माहीत नाही, म्हणून त्यांचं पाणी जिन्यावरून वाहतं. आपलेपणाचा प्रश्न यात कुठेच येत नाही.

चोऱ्या वाढल्या का, असं अजून कुणी ना कुणी विचारतं. आमच्या पार्किंगमधून दोन सायकली गेल्या. त्या आधीही जायच्या. एका वॉचमनला मात्र समोर खोली मिळाली आणि त्याचा दोन गाड्या बदलण्याचा त्रास वाचला. फ्लॅटचे भाव तर इथे मेट्रोच्या बातमीने वर जातात आणि बातमी लांबली की खाली येतात.

महिन्याची मुदत हातची गेली असेल, तरी सगळं संपत नाही. भोगवटा प्रमाणपत्राआधी अटी पूर्ण झाल्या का ते विचारता येतं. आणि माणसं राहायला आल्यावर गेटवर एक फलक लावून घ्या: इमारत कुणाची, चालवतं कोण, लिफ्ट बंद पडली तर फोन कुणाला करायचा. आमच्याकडे तो अजून लागलेला नाही. त्याचा अर्ज गेल्या महिन्यात दिला. मजकूर मीच टाईप केला, खाली सह्या आमच्या सोसायटीच्या आहेत आणि त्या इमारतीतल्या लोकांच्याही. पोच घेतली आहे.