जुन्या भित्तिपत्रकांचे जतन व दुरुस्ती

चित्रपटाचे भित्तिपत्रक मुळातच अल्पायुषी. खेळ चालू असेपर्यंत भिंतीवर टिकावे, एवढ्याच अपेक्षेने ते स्वस्त कागदावर छापले जाई. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४ सालच्या मूकपटाचे भित्तिपत्रक देशात शिल्लक राहिलेल्या अशा सर्वांत जुन्या पत्रकांत गणले जाते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि चित्रपटांबरोबर त्यांची भित्तिपत्रकेही जपली जाऊ लागली. परंतु बंद पडलेली चित्रपटगृहे, ग्रामीण वाचनालये आणि शाळांची अडगळ यांतही अशी पत्रके सापडतात. त्यांना धोका वाळवीचा आहे, तसाच सद्हेतूने केलेल्या दुरुस्तीचाही आहे.

लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात लिग्निन हे द्रव्य राहते. शिवाय खळ देताना वापरलेल्या तुरटीमुळे कागदात आम्ल निर्माण होते. परिणामी कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. मोठी पत्रके घडी घालून ठेवलेली असतात. दोन घड्या जेथे एकमेकींना छेदतात तेथे प्रथम भोक पडते. मग कोणी तरी त्यावर चिकटपट्टी लावतो. काही वर्षांनी पट्टी गळून पडते, पण तिचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग कायमचा राहतो. प्लॅस्टिकचे लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कारण ते उष्णतेने चिकटवलेले असते व कागदाला इजा न करता सहसा काढता येत नाही. नंतर सोडवता येईल तीच दुरुस्ती करावी, हा या शास्त्राचा पहिला नियम होय.

काम हाती घेण्यापूर्वी पत्रकाचे छायाचित्र घ्यावे व मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. नंतर प्रत्येक रंगावर कोपऱ्यात पाण्याचा सूक्ष्म थेंब ठेवून टिपकागदाने टिपावा. रंग उतरला, तर पाण्याचा वापर तेथेच थांबवावा. फाटलेल्या भागास मागील बाजूने जपानी कागदाची पट्टी लावतात. ती कात्रीने न कापता हाताने फाडावी, म्हणजे कडेचे लांब तंतू मूळ कागदाशी मिसळतात व उठावदार कड राहत नाही. चिकटविण्यासाठी गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ उत्तम. कीड लागू नये म्हणून आपल्याकडील बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात; दप्तराच्या वह्यांना ते चालत असेल, परंतु त्यातील तांबे कागदाच्या ऱ्हासाला वेग देते.

अनेक ताव जोडून केलेल्या मोठ्या पत्रकाची अडचण वेगळी असते. ओला कागद तंतूंच्या दिशेपेक्षा आडवा अधिक पसरतो. जोडलेल्या तावांतील तंतूंची दिशा भिन्न असेल, तर सांध्यापाशी सुरकुत्या पडतात. म्हणून मागून संपूर्ण अस्तर देण्याचे काम प्रशिक्षित संवर्धकाकडेच सोपवावे. गेलेल्या भागी जुळत्या छटेचा कागद बसवावा. मूळ चित्रावर रंग चढविणे म्हणजे पुरावाच बदलणे होय.

एवढे साधन नसेल तेथे दुरुस्ती न केलेलीच बरी. पत्रक सपाट ठेवावे. तेवढी जागा नसल्यास रुंद नळीवर आम्लविरहित कागद गुंडाळून त्यावर ते सैल गुंडाळावे आणि वरून धुतलेले, खळ नसलेले मांजरपाट घालावे. नळीच्या आत पत्रक कोंबू नये. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट हातभर पुढे ओढावे व महिन्यातून एकदा उघडून पाहावे.