कुत्रा दत्तक घेताय? बाजू घेऊ नका, कागद मागा

धामणगाव बढेसारख्या गावात दत्तक कुत्रा बहुधा बाहेरूनच येतो. बुलढाणा, जळगाव, नाहीतर थेट पुणे. फोनाफोनी सुरू केली की शेल्टर आणि ठरावीक जातीचीच कुत्री सोडवणारे ब्रीड रेस्क्यू गट, अशा दोघांच्या दोन तक्रारी कानावर येतात. शेल्टरवाले सांगतात, "ब्रीडवाले आमच्याकडचा लॅब्राडोर तेवढा उचलतात, गावठी पिल्लं आमच्याच गळ्यात." ब्रीड रेस्क्यूवाले म्हणतात, "शेल्टर चौकशी न करता कुत्रा देतं, मग त्याची पैदास काढली जाते." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. या भांडणाचा त्रास कुत्र्याला होतो, म्हणून आपण तरी नीट वागायला हवं.

आधी आपलं ऊन बघा. विदर्भाच्या मे महिन्यात हस्की किंवा सेंट बर्नार्ड फुकट मिळाला तरी घेऊ नका. गावठी कुत्रा इथल्या हवेत रुळलेला असतो. जातिवंतच हवा असेल तर कारवानी आपल्याच मातीतला, पण त्याला रोज मोकळं पळायला रान लागतं.

मग नसबंदीचा दाखला मागा. माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथेच आहे: नसबंदी झालेल्या कुत्र्याची पिल्लं कुणी विकू शकत नाही. पिल्लू लहान असेल तर शस्त्रक्रिया कधी आणि कोण करणार, हे लिहून घ्या. रस्त्यावरच्या मोठ्या कुत्र्याचा कान बघा. नसबंदीनंतर सहसा कानाला छोटी खाच पाडलेली असते.

लसीकरणाचं कार्डही नीट तपासा. रेबीजची पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर, पुढे डॉक्टर सांगतील तशी. कार्डावर बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. नुसतं पेनाने 'लस दिली' लिहिलेलं असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

कुत्रा शेल्टरकडून ब्रीड ग्रुपकडे आणि तिथून तुमच्याकडे येत असेल तर एक प्रश्न विचाराच: नाही रुळला तर परत कोण घेणार? उत्तर नावासकट कागदावर घ्या, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. २२ ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, दत्तक घेतलेला भटका कुत्रा पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची आहे.

उपचाराचा खर्च पावतीसह मागितला तर द्या. कुत्रा न बघता 'गाडीभाड्याचा ॲडव्हान्स' मात्र पाठवू नका.

दत्तक देणारे घर बघायला आले तर राग मानू नका. रात्री कुत्रा शेतात राखणीला राहणार असेल तर तसंच सांगा. आणल्यावर सुरुवातीचे काही आठवडे मोकळा सोडू नका, गल्लीतली कुत्री नवख्यावर तुटून पडतात. कुणाला चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.