बंद टेम्पोतून मोटारसायकल नेताना : दार नव्हे, तळ गाडी धरतो

कापडाच्या गाठी बांधून रवाना करण्यात माझी तीस वर्षे गेली. त्यामुळे माल कसा भरावा हे आपल्याला कळते असा माझा समज होता. पण कापडाची गाठ आडवी झाली तरी ती गाठच राहते आणि मोटारसायकल आडवी झाली की तिची किंमत घसरते. हा फरक मला नुकसान सोसून कळला.

२०११ साली आमचे कापडाचे ताके मालेगावहून पुण्याला बंद बॉडीच्या टेम्पोने जात होते. मागे थोडी जागा शिल्लक होती. मुलगा पुण्यात नोकरीला लागला होता, म्हणून त्याची मोटारसायकल त्या जागेत चढवली. साइड स्टँड लावला, सीटवरून नायलॉनची दोरी टाकून ती बाजूच्या पत्र्याच्या पट्टीला बांधली, दाराला चांगले कुलूप घातले आणि निश्चिंत झालो. संगमनेरपुढच्या चंदनापुरी घाटातील वळणांवर पट्टी वाकली आणि गाडी कलंडली. दार बंद असल्याने ड्रायव्हरला पत्ताही लागला नाही. पुण्यात दार उघडले तेव्हा टाकी चेपली होती आणि झाकणातून झिरपलेले पेट्रोल ताक्यांत मुरले होते. गाडीची दुरुस्ती थोडक्यात भागली. ताके मात्र पार्टीने परत केले, आणि गेलेला भरवसा मिळवायला दोन हंगाम लागले.

दुचाकी एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवण्याचे काम आपले अनेक टेम्पोवाले करतात, आणि टेम्पोची बॉडी बांधण्याचे काम आपलेच वेल्डर आणि सुतार करतात. म्हणून दोघांच्या उपयोगी पडेल असा हा हिशेब मांडतो. त्याचे सार एवढेच : बंद बॉडीने पाऊस, धूळ आणि चोर थांबतात, पण गाडी पडणे थांबत नाही. ते काम तळाचे आणि तळात बसवलेल्या कड्यांचे आहे.

जोर किती येतो?

स्प्लेंडरसारख्या गाडीचे वजन सुमारे ११२ किलो आणि ३५० सीसीच्या बुलेट जातीच्या गाडीचे सुमारे १९५ किलो असते. माल बांधण्याच्या युरोपीय नियमाप्रमाणे बांधणीने मालाच्या वजनाच्या दहापैकी आठ हिस्से जोर पुढच्या दिशेने आणि पाच हिस्से जोर बाजूला व मागे सहन केला पाहिजे. म्हणजे जोराचा ब्रेक लागला तर स्प्लेंडर सुमारे ९० किलोने आणि बुलेट सुमारे १५६ किलोने पुढे ओढ घेते असे धरून चालावे. हा जोर पातळ पत्रा किंवा लाकडी स्क्रू सहन करील अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे.

तळ आणि कड्या

१. तळाला १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय टाकून त्यावर उठावदार नक्षीचा, पाय न घसरणारा पत्रा बसवावा.

२. एका गाडीला चार कड्या लागतात, दोन पुढे आणि दोन मागे. कडी नुसत्या प्लायमध्ये स्क्रूने बसवू नये. बोल्ट आरपार घालावा, खालून जाड लोखंडी पट्टी द्यावी आणि तो तळाखालच्या आडव्या पट्ट्यांत धरावा. चॅसिसच्या लांब पट्ट्यांना मात्र भोक पाडू नये, त्याने टेम्पोच कमजोर होतो.

३. पुढच्या कड्या गाडीच्या हँडलपेक्षा थोड्या पुढे आणि दोन्ही बाजूंना रुंद अंतरावर असाव्यात. पट्टा खाली, पुढे आणि बाहेर असा सुमारे ४५ अंशांत उतरला पाहिजे. सरळ खाली उतरलेला पट्टा गाडीला डुलण्यापासून रोखत नाही.

४. पुढचे चाक अडकेल असा व्ही आकाराचा लोखंडी कप्पा तळाला बोल्टने पक्का करावा. चाक हलले नाही तर हँडल फिरत नाही, आणि हँडल फिरले नाही तर पट्टे ढिले पडत नाहीत.

नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्यात दोन गाड्या शेजारी शेजारी नीट राहतात. हँडल एकमेकांना लागू नये म्हणून एक गाडी अर्धा फूट मागे ठेवावी. तिसरी गाडी कोंबण्याचा मोह टाळावा. बांधणाऱ्या माणसाला वाकायला जागा नसेल तर बांधणी कच्चीच होते.

चढवणे आणि बांधणे

फळी किमान आठ फूट लांब असावी आणि तिचे वरचे टोक टेम्पोला हुकाने किंवा साखळीने अडकवावे. अडकवलेली नसेल तर मागचे चाक चढताना फळी सटकते. गाडीवर बसून ती चढवू नये. इंजिन बंद ठेवून एकाने हँडल धरावे आणि दुसऱ्याने मागून ढकलावे.

दोरीऐवजी रॅचेटचे पॉलिएस्टर पट्टे वापरावेत. पट्टा घेताना त्यावरचे लेबल वाचावे : तुटण्याचा भार आणि कामाचा भार हे दोन वेगळे आकडे असतात. आपण कामाचा आकडा पाहायचा. पट्ट्याचा लोखंडी हुक थेट गाडीला लावू नये, रंग खरडतो. मऊ कापडी फास गाडीला घालून त्यात हुक अडकवावा. हे फास शिवण्याचे काम आपला सीट-कव्हर शिवणारा कारागीरही करू शकतो, पण पट्टी भार सहन करणारी आणि शिलाई जाड दोऱ्याची, अनेक फेऱ्यांची हवी.

पुढचा फास हँडलच्या टोकाला, आरशाला किंवा केबलला घालू नये. हँडलखाली दोन्ही शॉकअप जिथे एकत्र पकडले जातात, त्या जाड तुकड्याला घालावा. मग दोन्ही बाजूंचे पट्टे आळीपाळीने थोडे थोडे आवळावे. शॉकअप साधारण निम्मे दबले की थांबावे. पूर्ण दाबले तर ऑईल सील खराब होण्याचा धोका असतो, आणि अजिबात दाबले नाहीत तर खड्ड्यात गाडी दबते, पट्टा ढिला होतो आणि हुक निसटतो. मागचे दोन पट्टे चेसिसच्या मजबूत भागाला लावावेत. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि साइड स्टँड वर घ्यावा. स्टँडवर उभी करून आवळलेली गाडी स्टँड वाकवते. हँडल लॉकही लावता येत नाही, कारण लॉकला हँडल वळवावे लागते आणि आपल्याला ते सरळ हवे असते. चोरीच्या भीतीसाठी चाकातून साखळी घालून ती तळाच्या कडीला कुलूपबंद करावी.

शेवटी सीट धरून गाडी जोराने हलवावी. गाडीबरोबर सारा टेम्पो हलला तर बांधणी पक्की. गाडी एकटीच हलली तर पुन्हा आवळावी.

पेट्रोल आणि हवा

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बंद बॉडीत ती तळाशी साचते. म्हणून झरोके वर असावेत तसे खालीही असावेत. टाकीत पेट्रोल कमीत कमी ठेवावे, कॉक असेल तर बंद करावा, सुटे कॅन नेऊ नयेत, आणि दार उघडताना कोणाच्या हातात बिडी-सिगारेट नसावी. विजेची स्कूटर असेल तर प्रवासात चार्जिंग करू नये. आणि माझ्या अनुभवावरून सांगतो, कापड, धान्य किंवा कागद यांच्याबरोबर पेट्रोलची गाडी कधीही भरू नये.

कागद

साध्या टेम्पोवर बंद बॉडी बसवली तर आरटीओकडून आरसीत नोंद करून घ्यावी. वजन आरसीतील मर्यादेत ठेवावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये असा आहे. गाडी ताब्यात घेताना मालकासमोर चारही बाजूंचे फोटो काढावेत, मीटरचा आकडा आणि जुने ओरखडे बिल्टीवर लिहून सही घ्यावी. मालकाची विमा पॉलिसीही पाहावी. स्वतःच्या गाडीचे नुकसान धरणाऱ्या पॉलिसीत रस्त्याने किंवा रेल्वेने नेतानाचे नुकसान धरलेले असते. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर ते मिळत नाही, अशा वेळी वाटेचा वेगळा विमा काढावा.

वाटेतला थांबा

गाठी भरलेला ट्रक काही मैल गेला की माल बसतो आणि दोर ढिले पडतात, हे आपल्यापैकी प्रत्येक कापडवाल्याला ठाऊक आहे. पट्ट्यांचेही तसेच आहे. उघड्या टेम्पोत ड्रायव्हरला मागच्या काचेतून गाडी दिसते, बंद बॉडीत काहीच दिसत नाही. म्हणून निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा आणि प्रत्येक घाटाच्या अलीकडे एकदा थांबून, दार उघडून पट्टे हाताने तपासावेत. यात पाच मिनिटे जातात. त्या दिवशी माझ्या ड्रायव्हरला मी घाटाअलीकडे थांबायला सांगितले असते, तर वाकलेली पट्टी त्याला तिथेच दिसली असती.

दुसऱ्याची गाडी आपल्या ताब्यात असते तोवर ती अमानत असते. गिऱ्हाईक कुलूप पाहून पैसे देतो, पण पुन्हा आपल्याकडे येतो ते दार उघडल्यावर गाडी जशी दिली तशी उभी दिसली म्हणून.