आपलें नांव आणि आपलें मत



निवडणुकीचा दिवस आला म्हणजे गांवच्या शाळेपुढें रांग लागते. त्या रांगेंत पाटील असतो, मजूर असतो, नवी सून असते आणि काठी टेकीत आलेली म्हातारीही असते. ज्याची पाळी येईल त्याला दोनच गोष्टी कराव्या लागतात. पहिली ही कीं, त्यानें आपलें नांव सांगावें. दुसरी ही कीं, आडोशाला एकट्यानें उभें राहून आपली निवड करावी. ह्या गोष्टी दिसावयास लहान आहेत; परंतु आपल्या देशांत पुष्कळ मतें ह्याच दोन ठिकाणीं वायां गेलीं. कोणाचें नांव यादींत नव्हतें, तर कोणाला आपलें मत गुप्त राहील असा भरंवसा वाटला नाहीं. म्हणून मतदानकेंद्रांत सामान्य माणसाला कोणते अनुभव आले व येतात, आणि त्यानें काय ध्यानांत ठेवावें, ह्याचा आजच्या धड्यांत विचार करूं. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं उपदेशकांनीं हा धडा सायंकाळच्या बैठकींत वाचून दाखवावा.

१. पूर्वीं मत कोणाला होतें?

इंग्रज सरकारच्या काळीं मत हा थोड्यांचा हक्क होता. ज्याची जमीन असे, जो ठराविक कर भरीत असे, अथवा ज्याचें कांहीं शिक्षण झालेलें असे, त्याचेंच नांव बहुधा यादींत येई. दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर व बहुतेक सर्व स्त्रिया ह्या यादीबाहेर राहत. शिवाय याद्याही धर्माप्रमाणें वेगळ्या असत. १९३५ च्या कायद्यानें मुंबई इलाख्याच्या विधानसभेंत हिंदी ख्रिस्ती लोकांसाठीं ३ जागा वेगळ्या काढिल्या होत्या, व त्या जागांसाठीं ख्रिस्ती मतदारांनींच मत द्यावयाचें असे.

२६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अंमलांत आली आणि ही व्यवस्था संपली. घटनेचें ३२५ वें कलम सांगतें कीं, एका मतदारसंघाची एकच यादी असावी, आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग ह्यांवरून कोणाचेंही नांव त्यांतून वगळूं नये. ३२६ व्या कलमानें प्रत्येक प्रौढ नागरिकास मत दिलें. तेव्हां प्रौढ म्हणजे २१ वर्षांचा. १९८९ पासून ही मर्यादा १८ वर्षांवर आली. ज्यांना गांवच्या विहिरीवर पाणी भरूं देत नसत, त्यांचीं नांवें आतां विहिरीच्या मालकाच्या नांवाबरोबर एकाच यादींत आलीं, आणि दोघांच्या मताची किंमत सारखीच ठरली.

२. अठ्ठावीस लाख नांवें

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरापासून १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. मतदार १७ कोटींहून अधिक होते; आणि १९५१ च्या शिरगणतीप्रमाणें देशांत शेंकडा १८ लोकांनाच लिहितां वाचतां येत होतें. हिमाचल प्रदेशांतील चिनी खोऱ्यांत हिंवाळ्यांत बर्फानें वाटा बंद होतात, म्हणून तेथें २५ ऑक्टोबर १९५१ रोजींच मतदान झालें. तेथील श्यामसरन नेगी नांवाच्या शाळामास्तरांनीं त्या दिवशीं पहाटेच मत दिलें. पुढें सत्तर वर्षें त्यांनीं आपलें मत कधीं चुकविलें नाहीं. २०२२ च्या नोव्हेंबरांत वयाची शंभरी ओलांडलेल्या ह्या गृहस्थांनीं घरूनच टपाली मत दिलें, आणि त्यानंतर तीनच दिवसांनीं ते वारले.

परंतु त्याच पहिल्या निवडणुकींत सुमारें २८ लाख स्त्रियांना मत देतां आलें नाहीं. त्यांना कोणीं अडविलें नव्हतें. यादी करणारे कारकून दारीं आले, तेव्हां ह्या स्त्रियांनीं आपलें नांव सांगितलें नाहीं. परक्या पुरुषापुढें नांव उच्चारणें त्यांच्याकडील चालीरीतीस धरून नव्हतें. म्हणून अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेंच लिहिलें गेलें. ह्यांतील बहुतेक स्त्रिया बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत व विंध्य प्रदेश येथील होत्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनीं ठरविलें कीं, मत हें त्या व्यक्तीचें आहे. तेव्हां जिचें नांवच नाहीं तिची नोंद ठेवतां येत नाहीं. त्या नोंदी खोडल्या गेल्या. हा निर्णय कठोर होता. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, पुढच्या याद्यांत ही उणीव पुष्कळ भरून निघाली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकींत तर मत देणाऱ्या स्त्रियांचें शेंकडा प्रमाण पुरुषांहून किंचित अधिक भरलें.

आपल्याकडेही बायको नवऱ्याचें नांव एरवीं घेत नाहीं. घेतलेंच तर उखाण्यांत घेते. मतदारयादींत बाईच्या नांवापुढें बापाचें किंवा नवऱ्याचें नांव असतें, व केंद्रांत तें विचारलें जाऊं शकतें. तेथें लाजून गप्प राहिल्यास खोळंबा होतो. शिवाय लग्नानंतर सासरीं बाईचें नांव बदलतें, आणि यादींत माहेरचें, ओळखपत्रांत सासरचें, असा घोटाळा राहून जातो. म्हणून प्रत्येक बहिणीनें आपलें नांव यादींत कसें लिहिलें आहे, हें निवडणुकीच्या पुष्कळ आधीं पाहून ठेवावें.

३. पेटीपासून यंत्रापर्यंत

पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे व तिच्यावर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे. मतदारानें पडद्याआड जाऊन आपल्या पसंतीच्या पेटींत कागद टाकावा, एवढेंच काम होतें. तरी लोकांना सर्व उमगलें होतें असें नाहीं. आसामांतील एक नव्वद वर्षांचे मुसलमान गृहस्थ नेहरूंना मत देण्यास आले होते. येथें त्यांना मत देतां येणार नाहीं, असें केंद्रावर सांगितल्यावर ते हिरमुसले होऊन परत गेले. महाराष्ट्रांतील एका खेड्यांत एका तितक्याच वृद्ध मनुष्यानें विधानसभेचें मत दिलें, आणि लोकसभेचें देण्यापूर्वींच तो कोसळून मरण पावला. ज्यांना जन्मभर कोणीं कांहीं विचारलें नव्हतें, त्यांना ह्या एका दिवसाची किती ओढ होती, हें अशा हकीगतींवरून कळतें.

पेट्यांच्या ह्या पद्धतींत एक दोष होता. एखादा मतदार कागद पेटींत न टाकतां बाहेर आणून विकूं शके. म्हणून १९६२ च्या निवडणुकींत सर्व उमेदवारांचीं नांवें व चिन्हें एकाच मतपत्रिकेवर छापून शिक्का मारण्याची रीत आली. यंत्राचा पहिला प्रयोग १९८२ मध्यें केरळांतील परूर येथें झाला, व २००४ मध्यें लोकसभेचें सर्व मतदान यंत्रानें झालें. यंत्रावर नांव व चिन्ह ह्यांबरोबर २०१५ पासून उमेदवाराचें छायाचित्रही असतें. ज्याला अक्षर येत नाहीं त्यालाही दुसऱ्याच्या मदतीवांचून आपला माणूस ओळखतां यावा, हाच ह्या सर्वांचा हेतु आहे.

४. केंद्रांत गेल्यावर

पहिला अधिकारी ओळखपत्र पाहून यादींतील नांव मोठ्यानें वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना तें ऐकूं यावें. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीस शाई लावतो, वहींत सही किंवा अंगठा घेतो व चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन यंत्र मोकळें करितो. मग मतदारानें आडोशाला जाऊन आपल्या उमेदवारासमोरील निळें बटण दाबावें. तांबडा दिवा लागतो, आणि शेजारच्या पेटीच्या कांचेंतून एक छापील कागद सात सेकंद दिसतो. त्यावरील नांव व चिन्ह आपणच दाबलेलें आहे कीं नाहीं, हें नीट पाहावें. मग लांब आवाज होतो, म्हणजे मत नोंदलें गेलें. कोणीही उमेदवार पसंत नसेल, तर २०१३ पासून तसें सांगणारें बटणही शेवटीं असतें.

५. मत कोणाला कळतें काय?

हा प्रश्न खेड्यांत सर्वांत मोठा आहे. मजूर ज्याच्या शेतावर काम करितो, ज्याच्याकडून उचल घेतो, तो त्याला सांगतो, "तूं कोणाला मत दिलेंस तें मला कळेल." ही धमकी ऐकून पुष्कळांचा हात बटणापाशीं थरथरतो.

ह्याचें उत्तर स्पष्ट आहे. एका केंद्रावर कोणाला एकूण किती मतें पडलीं हें मोजणीनंतर कळतें. अमक्या मनुष्यानें कोणाला मत दिलें हें कळत नाहीं. कागदी पत्रिकांच्या काळीं धाकाचें भय असेल तेथें अनेक केंद्रांच्या पत्रिका मिसळून मोजतां येत असत. यंत्रांमुळें प्रत्येक केंद्राची बेरीज वेगळी दिसते, आणि त्यामुळें सबंध वस्तीवर राग धरणारे निघतात, हें खरें आहे. तरीही एकट्याचें मत झांकलेलेंच राहतें. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत असें आहे कीं, न्यायालयांत साक्षीदारासही त्यानें मतदारांच्या निवडणुकींत कोणास मत दिलें हें सांगण्याची सक्ति करतां येत नाहीं. मतदानाच्या कामावर नेमलेल्या कोणीं ही गुप्तता फोडल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. जें न्यायाधीशाला विचारतां येत नाहीं, तें सावकारानें विचारल्यास सांगण्याचें आपणांस कांहीं कारण नाहीं.

पैसा, दारू व साडी ह्यांविषयींही हेंच ध्यानांत ठेवावें. मतासाठीं लांच देणारा जसा गुन्हेगार, तसा घेणाराही. कांहीं ठिकाणीं पैसे देऊन वर देवाची शपथ घालतात, व भाबडीं माणसें त्या शपथेनें बांधलीं जातात. उमेदवारानें किंवा त्याच्या संमतीनें कोणीं मतदाराला दैवी कोपाचें भय घातलें, तर तो कायद्यानें भ्रष्टाचार ठरतो. अशी शपथ मुळांत घेऊंच नये.

६. अडचणी व उपाय

(१) ओळखपत्र आहे, पण यादींत नांव नाहीं. अशा वेळीं मत देतां येत नाहीं. निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहतां मतदारसंघाच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे नमुना ६ भरून द्यावा. घरीं येणारी मतदार-चिठ्ठी ही २०१९ पासून एकटी ओळख म्हणून चालत नाहीं.

(२) आपल्या नांवावर दुसराच मत देऊन गेला आहे. ह्यावर भांडूं नये व परतही जाऊं नये. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागावें. तो प्रश्न विचारून खात्री करील व कागदी मतपत्रिका देईल. ती निराळ्या पाकिटांत ठेवितात. नेहमींच्या मोजणींत ती धरीत नाहींत, पण निकाल न्यायालयांत गेल्यास ती पुरावा होते.

(३) दिसत नाहीं किंवा हात चालत नाहींत. अशा मतदारास १८ वर्षांवरील सोबती नेतां येतो. एका दिवशीं एका मनुष्याला एकाच मतदाराचा सोबती होतां येतें, व मत गुप्त ठेवीन असें त्याला लिहून द्यावें लागतें. केवळ वाचतां येत नाहीं म्हणून सोबती मिळत नाहीं. चिन्हें त्यासाठींच आहेत. २०२४ मध्यें ८५ वर्षांवरील वृद्धांना व ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देण्याचीही सोय होती.

(४) वेळ संपत आली आणि रांग मोठी आहे. वेळ संपतांना जे रांगेंत असतात त्यांना शेवटच्या मनुष्यापासून चिठ्ठ्या वाटतात, व त्या सर्वांचें मत घेतात. रांग सोडून जाऊं नये.

(५) मजुरी बुडेल. मतदानाच्या दिवशीं कामकऱ्याला पगारी सुट्टी देणें मालकावर कायद्यानें बंधनकारक आहे. परंतु दूर गेलेल्यांचा प्रश्न ह्यानें सुटत नाहीं. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबरला झालें, आणि तोच ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याचा काळ. मत आपल्या गांवच्या केंद्रावरच देतां येतें. कारखान्याच्या तळावर उतरलेल्या कुटुंबाला तें देतां येत नाहीं. तेव्हां उचल घेतांनाच मतदानाच्या तारखेविषयीं मुकादमाशीं बोलून ठेवावें, व शक्य तेथें टोळीनें एकत्र ही मागणी करावी.

७. उपदेशकांस दोन शब्द

मंडळींत तुमच्या शब्दाला मान आहे, म्हणूनच येथें जपून राहावें. धर्माच्या नांवानें मत मागणें हा उमेदवाराचा भ्रष्टाचार मानला जातो. सर्वोच्च न्यायालयानें २ जानेवारी २०१७ रोजीं चार विरुद्ध तीन मतांनीं ठरविलें कीं, ही मनाई उमेदवाराच्या धर्माप्रमाणें मतदाराच्या धर्मालाही लागू आहे. प्रार्थनेच्या जागेचा प्रचारासाठीं उपयोग आचारसंहितेनें मना केला आहे. तेव्हां कोणी पुढारी येऊन, "तुमच्या मंडळीचीं मतें आम्हांला मिळवून द्या," म्हणेल, तर त्याला सांगावें कीं, मंडळीला मत नाहीं. मंडळींतील प्रत्येकाला आपापलें आहे. यादी वाचून दाखविणें, नमुना भरून देणें, म्हाताऱ्याला केंद्रापर्यंत हात देणें, हें तुमचें काम. आडोशाच्या आंत मात्र त्याला एकट्यालाच जाऊं द्यावें.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या घरांतील प्रत्येक प्रौढाचें नांव यादींत आहे काय? तें बरोबर लिहिलें आहे काय?
२. १९५१–५२ मध्यें २८ लाख स्त्रियांचीं नांवें कां खोडलीं गेलीं? तो निर्णय योग्य होता काय?
३. "तुझें मत मला कळेल," असें म्हणणाऱ्यास काय उत्तर द्यावें?
४. आपल्या नांवावर दुसऱ्यानें मत दिलें असल्यास काय करावें?
५. आपल्या वस्तींतून ऊसतोडीस गेलेल्यांना मतदानास येतां यावें म्हणून आपणांस काय करतां येईल?